मन्मथआप्पांची परखी

मन्मथआप्पांनी मुठीत तूर घेतली की परळीच्या मोंढ्यातले कावळे ओरडायचे थांबत, असं मी चारचौघांत सांगतो. कावळे थांबत नसत. कावळ्यांना तुरीचं काय? पण हमाल थांबत, चहावाला थांबे, आणि ज्याची तूर त्या मुठीत गेलेली असे त्याचा श्वास तर हमखास थांबे. आप्पा उन्हात तिरके उभे राहत, मूठ उघडून दाणे तळहातावर पसरत आणि एक भुवई वर करत. एकच. डावी. ती वर गेली की माल ओला, जागेवर राहिली की बरा. दोन्ही भुवया एकदम वर गेलेल्या मी आयुष्यात एकदाच पाहिल्या, आणि त्याही मोंढ्यात नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथवर जायचंच आहे आपल्याला.

माझं चष्म्याचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, फाटकाशी, आप्पांच्या आडतीच्या बरोब्बर समोर. मधे फक्त रस्ता. त्या रस्त्यावरून थर्मल वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक जातात, त्यामुळे सकाळी पुसलेली काच दुपारी पुन्हा पुसावी लागते. तीस वर्षं आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो. मी काचा पुसत, ते दाणे निवडत. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आप्पांचं पोट मोठं होतं, त्यामुळे दारातून आधी डबी आत येई, मग पोट, मग आप्पा. मला ते चष्म्या म्हणत. माझं नाव दिलीप आहे, हे त्यांना माहीत होतं की नाही याची मला अजून खात्री नाही.

माझ्याकडचा चष्मा त्यांनी कधी घेतला नाही. फुकट देतो म्हटलं तरी नाही.

"चष्म्यानं दाना मोठा दिसतो बे. मोठा दिसला की मानूस फसतो."

मोंढ्यात दाण्यातला ओलावा मोजायचं मशीन आलं, त्या दिवशी मी दुकान उघडं टाकून बघायला गेलो होतो. सगळे व्यापारी गोळा झालेले. आप्पांनी मूठ भरली, भुवई उचलली आणि म्हणाले, "तेरा." मशीनवाल्यानं दाणे आत टाकले, बटण दाबलं, आकडा आला तेरा पूर्णांक दोन. तो हसला. आप्पा म्हणाले, "ते वरचं दोन मशिनीचं हाय. नवी हाय, घाम फुटला आसंल."

पण डोळ्यांपेक्षाही त्यांचा भरवसा होता परखीवर. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी, हातभर लांब. न उघडता पोत्यात खुपसायची, की नळीतून आतले दाणे घरंगळत हातावर येतात. सगळेच व्यापारी परखी लावतात, पण वरच्या वर, शिवणीजवळ. आप्पा पोत्यासमोर गुडघे टेकत आणि बरोब्बर मध्यावर, पोटात लावत. "तोंडावर तर कोन बी हासतं," म्हणत. "पोटात काय हाय ते बगावं."

तेलगावकडचे एक बडे बागायतदार एकदा तूर घेऊन आले. कडक इस्त्रीचे कपडे, मागंपुढं चार माणसं, गाडीच्या काचेवर पक्षाचं चिन्ह. आप्पांनी परखी हातात घेतली तसे ते म्हणाले, "काय आप्पा, आता आमच्या मालाला बी परखी लावता व्हय?"

"न्हाई साहेब. तुमच्या मालाला कावून लावीन? पोत्याला लावतो."

आणि गुडघे टेकून लावली. वर टपोरी, सोन्यासारखी तूर होती. मधून निघाली ती मागच्या सालची, भुंगे लागलेली. आप्पांनी दोन थाळ्या मागवल्या, एकीत वरची तूर ठेवली, दुसरीत मधली, आणि दोन्ही थाळ्यांच्या मधोमध साहेबांचा चहा. सगळा मोंढा बघत होता. मी तर पुढं होऊन बघत होतो. आप्पा हळूच म्हणाले, "साहेब, वरची तूर तुमची दिसती. मधी कुनाची मिसळली, ते घरी जाऊन बगा जरा."

साहेबांनी चहा घेतला, मिशीवर हात फिरवला आणि पोती परत गाडीत घातली. पुढच्या वर्षीपासून माल आप्पांकडेच घालू लागले. आप्पांनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. गावभर मी सांगितली.

आप्पांना साखरेचा आजार होता. पंधरा वर्षांचा. पण घरात आलेल्या नकोशा पाहुण्याचं नाव जसं आपण काढत नाही, तसं ते साखरेचं नाव काढत नसत. चहा बिनसाखरेचा पीत, सगळ्यांना दिसेल असा. सोबत पेढा. "चहात घातली का? न्हाई ना?" दर सोमवारी वैजनाथाला जात, आणि प्रसादाचा पेढा हा त्यांच्या लेखी गोडात धरायचाच नसे. गिरिजाकाकू, म्हणजे आप्पांच्या घरच्या, एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "देवाच्या नावावर किती खपवता ओ? आता देवालाच साखर झाली आसंल."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तो मला आधी कळला. माझा धंदाच तो. आप्पा मूठ घेऊन दुकानाच्या ओट्यावरून रस्त्यावर येऊ लागले, उजेडासाठी. मग रस्त्याच्या मधोमध. राखेचा ट्रक हॉर्न देई, आप्पा हात वर करून त्यालाच थांबवत. मी म्हटलं, "आप्पा, काढून टाका." ते म्हणाले, "पिकू दे अजून. कच्चा माल कोन काढतो?" मी सांगितलं, हल्ली पिकायची वाट बघत नाहीत. ऐकलं नाही. दोन वर्षं पिकवला.

शेवटी जवळच्या वाडीवरच्या एका बाईनं काम केलं. तिची वाळलेली, खणखणीत तूर आप्पांनी हातात घेतली आणि डावी भुवई वर गेली. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आप्पा, तूर ओली न्हाई. तुमचा डोळा ओला हाय."

मोंढा हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिची तूर चांगल्या भावानं घेतली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"चष्म्या, कुटं काढायचा मोती?"

आमच्याकडे दर बुधवारी बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर येत आणि एका छोट्या दवाखान्यात ऑपरेशनं करत. त्यांची सगळी व्यवस्था नसरीनमॅडम बघत. चाळिशीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात कायम एक पेन आणि तोंडात कायम एक प्रश्न. माझ्या दुकानातून त्यांच्याकडे पेशंट जात, त्यांच्याकडून माझ्याकडे नंबरचे कागद येत. ओळख चांगली होती. माझ्या शब्दाला तिथे किंमत होती, हे ध्यानात ठेवा.

आप्पांना घाई होती. दसऱ्याला नवं सोयाबीन मोंढ्यात येतं, त्याआधी एक तरी डोळा हवा. उजवा आधी करायचा ठरला. मॅडमनी सांगितलं, साखर आटोक्यात असेल तर पुढच्या बुधवारी तारीख मिळेल. मग आम्ही तयारीला लागलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, आणि काय मजा आली म्हणून सांगू! शनिवारपासून आप्पा ताक, मेथी आणि कारल्याच्या रसावर. सकाळ-संध्याकाळ वैजनाथाच्या पायऱ्या. मी समोरून ओरडायचो, "आप्पा, तोंड बंद!" ते हात जोडायचे. काकू म्हणाल्या, "पंधरा वर्सं मी सांगून थकले. ह्यांना परीक्षा आसली की आब्यास आठवतो." बुधवारी उपाशीपोटीची साखर निघाली एकशे अठरा. मॅडम म्हणाल्या, "वा आप्पा!" आप्पांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं शाळेतल्या कारट्यांसारखे हसलो.

मग मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. "साखर किती वर्षांची?"

"पंधरा."

"मग मागचा पडदा तपासलाय का? मोतीबिंदू जाड हाय, डॉक्टरांना आतलं धूसर दिसतंय. पडदा साखरेनं खराब झाला आसंल, तर आधी त्याचा इलाज करावा लागतो. तसंच ऑपरेशन केलं तर नंतर जास्त बिघडतो. लातूरला पडद्याचे डॉक्टर हायत, तिथं दाखवून या. मग तारीख."

लातूर म्हणजे एक दिवस. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसत नाही. त्यात काही निघालं तर आणखी फेऱ्या. दसरा गेला, सोयाबीन गेलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत.

मी बोललो. म्हटलं, "दाखवलाय की! मागच्याच महिन्यात. मीच नेलं होतं." आणि एकदा सुरू झालो की मी थांबत नाही, हे परळीला माहीत आहे. मी लातूरच्या त्या दवाखान्याचा जिना सांगितला, जिन्यावर आप्पांना लागलेली धाप सांगितली, सर्दीनं बेजार झालेला डॉक्टर सांगितला. त्याला मिशासुद्धा लावल्या. शिंकत शिंकत तो म्हणाला, पडदा एकदम स्वच्छ आहे. मॅडम हसल्या.

"कागद?"

"घरी राहिला. आणून देतो."

त्यांनी कागदावर लिहिलं. पुढच्या बुधवारी कागद मागितला, तेव्हा मी तो काकूंच्या पिशवीतून काकूंच्या माहेरी पाठवून दिला होता, तोंडानंच. डॉक्टरांनी मॅडमचं लिहिलेलं वाचलं, मान हलवली. ऑपरेशन झालं.

काय झालं म्हणून सांगू! पट्टी निघाली, आप्पा दवाखान्यातून चालत मोंढ्यात आले आणि माझ्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. "बे चष्म्या, तुजी पाटी निळी हाय? मी तर राखाडी समजत व्हतो!" तीन आठवडे त्या माणसानं परळी वाचून काढली. एसटीवरची गावं वाचली, खताच्या पोत्यांवरची बारीक अक्षरं वाचली, काकूंच्या साडीवरची फुलं मोजली. "ही साडी मला कावून दावली न्हाई?" "बारा वर्सं झाली तिला," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंब सांगितले तितके दिवस घाला आणि महिन्यानं पुन्हा पडदा दाखवा, साखरवाल्या डोळ्याला नंतर सूज येऊ शकते. पण डोळ्याची लाली गेली तसे आप्पांनी थेंब बंद केले. महिन्याला ऐन हंगाम होता. "भिंग बसलं. आता त्यात काय बगायचं?" मीही आठवण केली नाही. कशी करणार? पडदा दाखवायला गेलो असतो, तर लातूरचा मिशावाला डॉक्टर निघाला असता.

दिवाळीनंतर एक दिवस आप्पा थाळीतली तूर बघताना मान वाकडी करू लागले. मग मला म्हणाले, "चष्म्या, थाळीच्या मधली तूर कुटं जाती रे? कडंची दिसती, मधली न्हाई." मी हसत म्हटलं, नंबर आला असेल. चष्मा करून दिला. मग दुसरा करून दिला. तक्त्यासमोर बसवलं, एकामागून एक काच बदलली. वरच्या दोन ओळींच्या खाली ते उतरेनात. कुठल्याच काचेनं उतरेनात. मला तेव्हाच कळलं होतं. मी आणखी दोन काचा बदलून बघितल्या.

दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, पडद्याच्या मध्यावर सूज आहे, आणि जुनी आहे. पडदा आधीपासूनच खराब असणार, ऑपरेशननंतर वाढला. आधी कळलं असतं तर आधी इंजेक्शनं देऊन, सूज उतरवून मग ऑपरेशन केलं असतं. आता देऊ, पण मधलं किती परत येईल सांगता येत नाही. नसरीनमॅडमनी जुना कागद काढला आणि सावकाश वाचला. "लातूर. पडदा स्वच्छ." मग माझ्याकडे बघितलं.

समोर अक्षरांचा तक्ता होता. त्याची शेवटची ओळ मला बसल्या जागेवरून स्वच्छ वाचता येत होती. ती मी वाचत बसलो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आप्पा म्हणाले, "पुडं बोला." डॉक्टर पुढं बोलले.

इंजेक्शनं झाली. सूज थोडी उतरली. मधलं परत आलं नाही.

आता उरला डावा. त्यातला मोतीबिंदू एव्हाना इतका दाट झाला होता की आप्पांना एका डोळ्यानं धुकं दिसे आणि दुसऱ्यानं मधे भोक पडलेलं जग. डावा गेला तर ते पुन्हा दाणा बघू शकणार नव्हते. काकूंचा चेहराही नाही. हे मोंढ्यात कुणी बोलून दाखवत नसे, पण आप्पा ओट्यावर बसले की माणसं आपापली नावं सांगत पुढे येऊ लागली होती.

आणि या माणसानं काय करावं? बुधवारी तपासणी होती, तर शनिवारपासून पुन्हा ताक, मेथी, कारलं. सवयच लागलेली. मी समोरून बघत होतो. या वेळी मी ओरडलो नाही. साखर निघाली एकशे बारा. आप्पांनी विजयी मुद्रेनं कागद मॅडमपुढे केला. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि दंडाला रबरी पट्टी बांधायला घेतली.

"आनिक रगत? आत्ताच तर काढलं."

"ती आजची साखर होती आप्पा. ही तीन महिन्यांची."

"तीन महिन्यांची? ती आज कशी कळंल? मी तर शनवारपासूनच..." आणि आप्पा थांबले.

दुसऱ्या दिवशी आकडा आला साडेदहा; हवा होता सातच्या आसपास. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "आप्पा, माझे अब्बा तुमच्याच मोंढ्यात मापाडी होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन यायची मी. तुमाला पोत्यासमोर गुडघे टेकून बसलेलं बघितलंय मी. आता तुमीच पोत्याच्या तोंडाला चांगली तूर भरून आणलीत." मग त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "ही परखी हाय. पोटातून काढती."

तेव्हा गेल्या. दोन्ही भुवया, एकदम, टोपीच्या काठापर्यंत. मी तिथे होतो म्हणून सांगतो. मग आप्पांच्या पोटातून हसू येऊ लागलं, डबी हलू लागली.

"आता मला साहेब म्हना," ते म्हणाले. "तेलगावचा."

हसणं थांबल्यावर ते सरळ कामावर आले. "किती दिवसांत पाडू? आट?"

"आठ दिवसांत बिलकुल नाही. इतकी साखर एकदम पाडली तर पडद्याला उलट त्रास होऊ शकतो. ओला माल कडक उन्हात घाईनं वाळवला तर काय होतं?"

"तडकतो."

"मग? हळूहळू. साखर बी, ब्लडप्रेशर बी. आधी लातूरला पडदा. लेझर लागलं तर लेझर, इंजेक्शन लागलं तर इंजेक्शन. पडदा थांबला की मग मोती. आणि नंतर मी म्हणेन त्या दिवशी हजर."

"सोयाबीन आलं तर?"

"सोयाबीन दर साली येतं आप्पा."

त्यांनी पाच महिने वाट बघितली. पाच महिने मन्मथआप्पा धुक्यात बसले. तूर बघता येईना म्हणून दाताखाली धरू लागले. कट्ट आवाज आला तर वाळलेली, दबला तर ओली. काकू ज्वारीची भाकरी मोजून वाढत, आणि आप्पा तिसरी मागत नसत. काकूंनाच ते बघवेना. सोमवारी वैजनाथाला पेढा हातात मिळाला की तो कपाळाला लावत आणि रांगेतल्या मागच्या माणसाला देत. पहिल्या सोमवारी मागचा माणूस मीच होतो. मी पेढा खाल्ला. चव कशी होती आठवत नाही.

लातूरला मीच गाडीनं नेत असे. खराखुरा जिना होता, बरं का. मी सांगितला होता त्याहून छोटा. डॉक्टरांना मिशा नव्हत्या. लेझर झालं तेव्हा आप्पा म्हणाले, "आत हिरव्या विजा पडत्यात, पानी मातर न्हाई." डोळ्यात इंजेक्शन द्यायच्या वेळी डॉक्टर म्हणाले, हलू नका. आप्पा म्हणाले, "तुमी बिनघोर खुपसा. परखी लागताना पोतं हालत न्हाई." एरवी मी गाडीत गप्प बसत नाही. त्या फेऱ्यांत मी काय बोललो, किंवा बोललो का, यातलं काहीच मला आठवत नाही. रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड मात्र सगळे आठवतात.

पाचव्या महिन्यात तीन महिन्यांची साखर साडेसातवर आली. पडदा थांबला. ऑपरेशनच्या दिवशी मॅडम कागद भरायला बसल्या. "पडदा तपासला?" माझं तोंड उघडलं. सवयीनं. मॅडम वर न बघता म्हणाल्या, "तुमी नको."

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "ह्यो कागद. घरी राहिला न्हाई."

डावा डोळा छान झाला. मला वाटलं, आता पुन्हा एसटीवरची गावं वाचतील. वाचली नाहीत. थर्मलच्या भोंग्यावर थेंब घालू लागले, भोंगा झाला की जिथे असतील तिथे मान मागे. सौदा चालू असला तर सौदा थांबे. आठवड्यानं गेले, महिन्यानं गेले, तीन महिन्यांनी गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मोंढ्याच्या फाटकाबाहेर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, गेले.

मॅडमनी त्यांना एक काम सांगितलं होतं. रोज सकाळी एक डोळा झाकून सरळ रेघांकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, उद्या नाही. घरातल्या भिंतीवर सरळ रेघ कुठली? आप्पांना सापडली ती माझ्या दुकानाच्या शटरवर. आडव्या पट्ट्या, वरपासून खालपर्यंत. मग रोज सकाळी मी किल्ली घेऊन वाकलो की मागून आवाज येई, "थांब चष्म्या."

मी बाजूला सरकून उभा राही. आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहत, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवत आणि डाव्या डोळ्यानं पट्टी न् पट्टी बघत, जणू सगळं शटर विकत घ्यायचंय. राखेचे ट्रक दोन्हीकडून थांबत. गिऱ्हाईक असलं तर तेही थांबे. मग आप्पा म्हणत, "सरळ हाय. उगड." तेव्हा मी शटर वर करी. तीन वर्षं हे चाललं. एकही दिवस मी आधी उघडलं नाही.

मग आडत बंद केली. दम लागत होता, पाय सुजत होते, मुलगी नांदेडला होती, ती म्हणाली दोघंही या. परळीच्या स्टेशनवर मी सोडायला गेलो. काकू आधीच डब्यात चढून पिशव्या लावत होत्या. लोणच्याची बरणी कुठं ठेवायची, याचा आतून आवाज येत होता. गाडीला दहा मिनिटं होती. मी सबंध आयुष्यात दहा मिनिटं गप्प बसलेलो नाही, पण त्यातली सात बसलो.

मग म्हटलं, "आप्पा, तो लातूरचा डॉक्टर..."

"मिशावाला?"

"हो."

"लई ग्वाड सांगितलंस ते. जिन्यावर मला धाप लागली, तवा मला खरंच लागली वाटलं."

ते परखी पुसत तसे दोन बोटांनी आपली डबी पुसत होते.

"नमुना तू काडलास," आप्पा म्हणाले. "माल माजाच व्हता."

त्यांनी उजवा डोळा झाकला आणि फलाटाच्या कडेला जाऊन रुळांकडे बघितलं, पार सिग्नलपर्यंत. "सरळ हायत." मग डावा झाकला आणि बिघडलेला उजवा घेऊन माझ्याकडे वळले. त्या डोळ्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली, थांबली आणि घसरून माझ्या कानाशेजारी, मागच्या पाण्याच्या नळाकडे गेली.

"नीट बगितलं की तू न्हाईस. जरा बाजूला बगितलं की हायस."

काकूंनी हाक मारली, ते चढले. गाडी हलली तेव्हा खिडकीत बसले होते. चांगल्या डोळ्यावर तळहात होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारच्या नळाकडे एकटक बघत होते. आजूबाजूचे लोक गाडीबरोबर चालू लागले, हात हलवू लागले. मला कसं वाटत होतं, असं पुढे कुणी कुणी विचारलं. मला काही वाटत नव्हतं. मी फक्त त्या नळाच्या बाजूला होतो तिथेच उभा राहिलो, गाडी सिग्नलच्या पलीकडे जाईपर्यंत. हललो असतो तर दिसलो नसतो.